पोन्नुदुरैच्या ताडावरचा पिंपळ

आमच्या उडन्गुडीकडं पोन्नुदुरैएवढी झाडांची जाण कुणाला नव्हती. सकाळ-संध्याकाळ ताडांवर चढून तो नीरा उतरवायचा, बायको सोर्णम ती आटवून गूळ करायची. माणूस सरळ, पण बायकोच्या चेहऱ्यापुढं त्याचं काही चालायचं नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या घरात पाळणा हलला नव्हता. एके सकाळी दारातल्या ताडावर, झावळ्यांच्या बेचक्यात, त्याला चार पानांचं रोप दिसलं. पिंपळ आहे का, असं सोर्णमनं खालून विचारलं. मूल हवं असलेली बाई आमच्याकडं पिंपळाला प्रदक्षिणा घालते. रोप पिंपळाचं नाही, त्याच्याच जातकुळीतल्या नांदरुकाचं आहे, हे त्यानं पान बघताक्षणी ओळखलं होतं. पण तिची वर लागलेली नजर बघून त्याच्या तोंडून 'हो' निघून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या प्रदक्षिणा सुरू झाल्या. तिरुनेलवेलीच्या डॉक्टरीणबाईंकडं चल म्हणून भावजयीनं किती विनवलं, तर देव आपल्या पायांनी दारात आलाय, आता डॉक्टर कशाला, हे हिचं उत्तर. पोन्नुदुरै ते ऐकून मडकं घेऊन वर चढला. पिंपळाच्या पानाला शेपूट असतं, याला का नाही, असं तिनं एकदा विचारलंही. झाड कोवळं आहे, शेपूट उशिरा फुटतं, अशी थाप या शहाण्यानं मारली. मी तिथंच नीरा पीत बसलो होतो, ही थाप आहे हे मला कळत होतं. नवरा-बायकोत कशाला पडा म्हणून मीही गप्प बसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

सोर्णमची चाळिशी उलटल्यावर कॉलेजची पोरं झाडं ओळखायला गावात आली. खालचं झाड कोणतं, वरचं कोणतं, असं त्यांच्या मास्तरांनी विचारलं. ताड सगळ्यांनी ओळखला. वरचा पिंपळ, हे सोर्णमनंच सांगून टाकलं.

"नाही अम्मा, हा नांदरूक," मास्तर म्हणाले.

"तुमचं पुस्तकातलं. आमचे हे रोज वर जातात." ती नवऱ्याकडं वळली. "सांगा हो यांना."

पोन्नुदुरैनं मडकं खाली ठेवलं. "मास्तरांचं बरोबर आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

मास्तर पोरांना घेऊन पुढं गेले. सोर्णमनं पदराला हात पुसले.

"मला वाईट वाटू नये म्हणून 'हो' म्हणालात, ते समजतं मला," ती म्हणाली. "पण वहिनी डॉक्टरकडं न्यायला आली होती, त्या दिवशी तरी खरं सांगायचं होतं."