शेवंतीच्या खुरांचं तेल

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही. देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा मी तेवढंच गाळते आणि बाकीचं सगळं बोलते. देवाला ठाऊकच असणार म्हणून गाळते — की त्यालाही ठाऊक नसावं असं कुठेतरी वाटतं म्हणून? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

मी आचऱ्याची. घरच्या नारळांचं खोबरेल काढते, साबण करते, केसांची तेलं करते. हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे. ते मला आवडायचं — फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या वाडीतल्या बाबलने मुंबईची नोकरी सोडली आणि कोल्हापूरकडून एक घोडी आणली. किनाऱ्यावर पर्यटकांच्या मुलांना फेऱ्या मारायला. तांबूस रंगाची, गरीब स्वभावाची. नाव ठेवलं शेवंती. बाबलचं लग्न झालेलं नव्हतं, आई नुकतीच गेली होती. घरात तो एकटा आणि मागच्या पडवीत ती. स्वतः जेवायच्या आधी तिला चारा घालायचा.

माश्यांनी ती हैराण व्हायची. बाबल माझ्याकडे आला. मी खोबरेलात कडुनिंबाचा पाला कढवला, त्यात करंजेल घातलं, गवती चहाचा वास दिला. माश्या पळाल्या. मग आयाळीसाठी जास्वंदीचं तेल केलं, अंग धुवायला रिठ्याचं पाणी. शेवंती तकतकीत दिसायला लागली. लोक तिच्याबरोबर फोटो काढायचे आणि बाबल प्रत्येकाला सांगायचा, "आमच्या काकीचां तेल!" तारकर्लीचे घोडेवालेही बाटल्या न्यायला लागले. मी घोड्याचं चित्र असलेली लेबलं छापून घेतली.

राहिले खूर. खाऱ्या पाण्यात आणि ओल्या वाळूत चालून तिच्या खुरांना चिरा पडायच्या. मी खोबरेल आणि मधमाश्यांचं मेण एकत्र करून दिलं, पण समुद्राच्या पाण्याने ते दोन दिवसांत धुऊन जायचं. बाबल एकदा सहज म्हणाला, की कोल्हापूरचं एक विकतचं तेल आहे, ते म्हणे चांगलं चिकटतं.

सहजच म्हणाला हो. पण मला ते लागलं.

आमच्या मागच्या खोपीत काजूच्या टरफलाच्या तेलाचा डबा होता. काळं, दाट, उग्र. माझे यजमान ते होडीला लावायचे — लाकूड कुजत नाही, कीड लागत नाही. ते लावताना हाताला पिशव्या बांधायचे. काजूचा चीक अंगाला लागला की काय होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. फोड येतात, कातडी सोलते. मला माहीत नव्हतं का? लहानपणी ओल्या काजूबिया फोडताना माझीच बोटं सोलून निघालेली.

पण खूर म्हणजे कातडी नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. खूर नखासारखा. होडीवर टिकतं ते खुरावर का टिकू नये? मी ते मेणात मिसळलं. थोडं नाही — चांगलं घसघशीत. उग्र वास मारायला वर गवती चहाचा अर्क ओतला. बाटलीला तेच जुनं लेबल लावलं. बाबलला म्हटलं, नवं आहे, आता धुऊन जायचं नाही.

खरंच धुऊन गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर गेले तर शेवंती एकाच जागी पाय आपटत होती. पुढचा डावा, मग उजवा, मग परत डावा. माश्या नव्हत्या. मी जवळ गेले तशी तिने कान मागे पाडले आणि दोर ताणून लांब सरली. ही घोडी माझ्या पदराला तोंड घासायची. त्या दिवशी माझ्या हाताचा वास आला आणि ती थरथरली.

संध्याकाळी बाबल घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काकी, तेलात काय बदल केलात काय? ती पाय टेकणा नाय."

तेव्हा सांगता आलं असतं. पाय धू, साबणाने धू, ते तेल फेकून दे — एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "नाय रे, तांच आसा. चिरांत मुरता म्हणान जरा चुरचुरता. आणखी लाव, दोन टायम लाव."

हो. आणखी लाव म्हटलं मी. थांबव म्हटलं असतं तर तेलात काहीतरी आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

त्याने दोन वेळा लावलं. सांगितलं तसं, अगदी मनापासून, खुराच्या वर केस संपतात तिथपर्यंत चोळून.

आठवड्याभरात तिथली कातडी लोंबायला लागली. मग खूर वरच्या कडेने सुटायला लागला. बाबलच्या पडवीतून एक आवाज यायचा — खिंकाळणं नव्हे, नुसता लांब श्वास सोडल्यासारखा. भर दुपारी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मी मिक्सर लावायची.

त्याच दिवसांत यजमानांनी विचारलं, "डब्यातलां तेल कमी कशान झालां?" मी म्हटलं, सांडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. काय लावत होतास, म्हणून विचारलं. बाबलने सांगितलं, खोबरेल आणि मेण. त्याने असं होत नाही, डॉक्टर म्हणाले. मी तिथेच चार बायकांत उभी होते. खारं पाणी, साचलेली घाण, अति काम — त्यांनी अंदाज बांधला. आता उपाय नाही, तिला सोडवा, म्हणाले. बाबलने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. इंजेक्शन दिल्यावरही बराच वेळ तो तिच्या कानामागे खाजवत होता.

कुणीतरी तिच्या पायांचा व्हिडिओ काढला होता. तो गावभर फिरला, मुंबईपर्यंत गेला. निर्दयी घोडेवाला, असं लोक लिहीत होते. पर्यटक यायचे नाहीत म्हणून स्टॉलवाले चिडले, देवळात बैठक झाली. घोडीचं मला कळतं म्हणून मला विचारलं — काकी, तुम्ही बघत होतात, तुम्हीच सांगा.

मी गप्प राहू शकले असते. गप्प राहणंही पापच होतं, पण ते लहान होतं. मी म्हटलं, "दिसभर ओल्या वाळूत उभी करी तिका. मी कितीदा सांगितलंय."

मी एकदाही सांगितलं नव्हतं. बाबलने वर पाहिलं. रागाने नव्हे — आठवत असल्यासारखं. काकीने सांगितलं होतं का? आपण ऐकलं नाही का?

किनाऱ्यावर धंदा करायचा नाही, असं त्याला ठरवून दिलं. महिन्याभरात घराला कुलूप लावून तो गोव्याला गेला. मी तो डबा खाडीत ओतला, काळा तवंग बराच वेळ पाण्यावर राहिला. घोड्यांची तेलं बंद केली. साबण अजून करते. हाताला गुण आहे, असं लोक अजून म्हणतात.

मागच्या महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत तो भेटला. केस पिकलेले, खांदे उतरलेले. गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. आता हा सगळ्यांदेखत विचारणार, या भीतीने माझ्या हातातला नारळ घामाने ओला झाला.

तो वाकला आणि माझ्या पाया पडला.

"तुमचां खरां होतां, काकी," तो म्हणाला. "मीच तिका भिजत उभी केलंय. माज्याच हातान गेली ती. तुमी सांगलात, मी आयकाक नाय."

इतकी वर्षं मी बोललेलं खोटं तो खरं मानून जगत होता. त्याचे डोळे भरले होते. माझं तोंड उघडलं होतं; शब्द जिभेवर होते, शपथेवर सांगते.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जांवदे रे. तुका काय कळणार होतां."