तपासणीच्या दिवशीची आंघोळ

तपासणीच्या मॅडमनी माझी लुंगी दोन बोटांनी वर उचलली. बाजारात पापलेटचे कल्ले उघडून बघतात तशी. ओसरीवर, दिवसाढवळ्या. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती घालतच राहिली. मॅडमनी पाठ बघितली, कंबर बघितली, आणि मला सांभाळायला ठेवलेल्या सुरेशला विचारलं, "पेशंटला रोज आंघोळ घालता ना?"

पेशंट म्हणजे मी. मी तिथेच होतो.

मी मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत होडी नेणारा माणूस. पर्यटकांना नुसता किल्ला कधी दाखवला नाही. देवमाशावर बसून किल्ल्याला फेरी मारली, ती सांगितली. मुशी माशाने माझी तंबाखूची डबी गिळली आणि वर्षभराने परत आणून दिली, रिकामी, तेही सांगितलं. एक मोठा साहेब हसता हसता पाण्यात पडला. त्याला मीच केसाला धरून वर काढला. टक्कल होतं त्याला, तरी काढला.

मग एका सकाळी उजवं अंग गेलं. मुलगा मुंबईला. त्याने घरी माणूस पाठवणारी कंपनी लावून दिली. सुरेश सकाळी येतो, पेज भरवतो, ओल्या फडक्याने तोंड पुसतो आणि मोबाईल घेऊन बसतो.

"सुरेश, आंघोळ घालशीत रे?"

"उद्या, तात्यानू."

आख्खा समुद्र अंगावर घेतलेला मी, तांब्याभर पाण्याची वाट बघत पडून. घामाचा वास, मुताचा वास. आपलाच. कूस बदलता येत नाही, वासापासून जाणार खंय?

कंपनीची तपासणी मात्र कळवून येते. आदल्या संध्याकाळी सुरेशला फोन. मग परसात चुलीवर पाणी तापतं. साबण, पावडर, धुतलेला सदरा. त्या दिवशी मी नवरदेव. खोटं कशाला सांगू, त्या पाण्यासाठी मी तपासणीची वाट बघायचो.

तर लुंगी वर असतानाच मी म्हटलं, "मॅडम, आंघोळ आजच घातली. तुम्ही येणार म्हणून. एरवी नाही."

सुरेश हसला. "त्यांचं मनावर घेऊ नका मॅडम. ते देवमाशावर बसून किल्ल्याला जाऊन आलेत."

मॅडमही हसल्या. "आजोबा मस्त आहेत हो," म्हणाल्या. सुरेशला. लुंगी तशीच वर राहिली. मी डाव्या कुशीवर, धड हात अंगाखाली अडकलेला. देवमाशावर पैसे मोजून विश्वास ठेवणारी माणसं बघितलीत मी. आंघोळीवर कुणी ठेवीना.

पुढच्या तपासणीला परत चूल पेटली. सुरेशने वाफाळती बादली खाटेजवळ ठेवली. "आज मॅडम येतत. कायच्या काय सांगू नकात." आणि पावडर आणायला आत गेला.

वाफ तोंडावर येत होती. पाठीला कळलं होतं, पाणी आलंय. मी डावा हात लांबवला, बादलीची कडी धरली आणि ओढली.

पाणी ओसरीवरून अंगणात गेलं. मी बघत राहिलो.

"ह्या काय केल्यात, तात्यानू? आता मॅडमांका काय सांगू?"

"माझ्या अंगाक वास येता, ता सांग."

मॅडम आल्या. रुमाल नाकाला. यावेळी लुंगीला हात लावला नाही. सुरेशने सांगितलं, हट्टाला पेटलेत, आंघोळच करू देत नाहीत. मॅडमनी मुलाला फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला.

"बाबा, कित्याक त्रास देतास तेंका? मी हयसून काय करू?"

मी देवमासा काढला नाही. एवढंच म्हटलं, "तू ये आणि माझ्या बाजूक बस. नाकार रुमाल लावू नको."

फोन बंद झाला. मुलगा आला नाही. मॅडमनी मोबाईलवर काय टिपलं ते मला कुणी सांगितलं नाही. सुरेश तोच, फडकं तेच. मला उठता येत नाही, त्याला हाकलता येत नाही. एक डावा हात आहे.

आज संध्याकाळी परत फोन आलाय. सुरेश आता बादली लांब ठेवील. पण पाणी घालायला त्याला जवळ यावंच लागेल.

पाणी मला अजून हवंय. या अंगाला दुसरं काही नको. पण मॅडम येणार म्हणून तापवलेलं पाणी या पाठीवर पडणार नाही. तपासायचं असेल तर रोज जसा असतो, तसाच मला तपासा.