मावशीचा भोपळा आणि तांबडे भुंगेरे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर निलंग्यात माझ्या मावशीच्या अंगणातल्या भोपळ्याच्या रोपांवर तांबडे भुंगेरे पडले. एका दिवसात कोवळ्या पानांची चाळण झाली. आमच्या घराण्यात वकील झाले, तहसीलदारही झाले. पण ओळख सांगताना मी मावशीचं नाव आधी घेतो. किड्यांशी इतकं घरगुती वैर साऱ्या मराठवाड्यात दुसऱ्या कोणाचं नसेल.

भोपळ्याचं बी तिच्या आईचं, जळकोटचं. आदल्या वर्षी वेलाला फळ धरलं नव्हतं, म्हणून साठवणीतलं होतं नव्हतं ते सगळं तिने मातीत घातलं होतं. ही रोपं गेली की तो वाणच संपणार होता. बाजारातल्या बियाण्याचं नाव काढलं की ती म्हणते, "त्येला काय चव हाय? नुसता पाण्याचा गोळा."

सकाळच्या दवात भुंगेरे सुस्त असतात, म्हणून मावशी उजाडताच साबणाच्या पाण्याचा तांब्या घेऊन वेलापाशी बसते. एकेकाला चिमटीत धरून आधी त्याची हजेरी घेते. "फुकट्या! नांगरलास? पाणी घातलास? मंग ताटावर कसा बसलास?" मग तांब्यात. त्या आवाजाने गल्लीतले आळशी लोकही उठतात.

हाती न लागणाऱ्या भुंगेऱ्यांवर उपाय गवऱ्यांच्या राखेचा. पण गल्लीत घरोघरी गॅस. त्याच आठवड्यात उदगीरहून तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलाच्या आईने फोनवर रीत म्हणून विचारलं, "येताना काय आणू, ताई?"

मावशी म्हणाली, "गवऱ्यांची राख आणा. चाळून."

काकांनी कपाळावर हात मारला. "शुभकार्याला राख मागतीस? सोयरीक मोडंल की!"

"मोडली तर दुसरी जमंल. हे बी कुठून आणू?"

रविवारी मुलाची आई जीपमधून उतरली ती राखेचा डबा घेऊनच. चहालाही न थांबता तिने राख फडक्यात बांधली आणि वेलावर झटकू लागली. "पानाखालून बी मारावं लागतंय, ताई. हरामखोर तिथंच दडतेत."

मावशी बघतच राहिली. मग घराकडे वळून म्हणाली, "पोरगी दिली!"

"मला इचारा की!" आतून आवाज आला. मुलीलाही मुलगा पसंत असल्याचं संध्याकाळपर्यंत नक्की झालं.

वेल जगला. दिवाळीनंतर लग्न लागलं, लेक-जावई पुण्याला गेले, आणि मावशीने निम्मं बी विहिणीला दिलं. परवा मी नांदेडहून फोन केला, तो काकांनी उचलला.

"ती उदगीरला गेली, इहिणीकडं. दोघी मिळून किडे वेचायल्यात."

"आणि घरचा वेल?"

"त्यो मी बघायलोय. शिव्या मातर तिच्यासारख्या जमंनात. घर लई गप वाटतंय बघ."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.