आज पाण्यात जायाचा नाय

काशा गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. ती माझ्या फोनवर आली, हसणाऱ्या तोंडांच्या चित्रांसकट. शहापूरच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे. भर पावसात दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून फोन चाळत बसले होते. कुठल्याशा ग्रुपवर एक व्हिडिओ आला... गढूळ पाण्याचा लोंढा, त्यात एका लांब पिवळ्या फळीवर आडवा पडलेला माणूस, फळीला धरून छातीएवढ्या पाण्यात चालणारे चार जण, आणि मागून कुणीतरी मारलेली शिट्टी. खाली लिहिलं होतं, 'मुरबाडमध्येही सर्फिंग सुरू!' मीही हसले असते. पण फळीच्या टोकाला निळं ठिगळ दिसलं. ते ठिगळ मी ओळखत होते. वाडीवर फोन लावत राहिले, लागला तेव्हा सगळं संपलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याच व्हिडिओला नवं शीर्षक मिळालं, 'पुरातला स्टंट अंगलट, तरुणाचा मृत्यू.' चाळिशीला टेकलेल्या काशाला त्यांनी तरुण केलं, तेवढी एकच गोष्ट त्याला आवडली असती.

म्हणून हे लिहायला बसले आहे. माझा चुलत भाऊ काशिनाथ पाण्यात स्टंट करताना मेला नाही. हे एवढं एक वाक्य कुठेतरी छापून यावं, बाकीचं सगळं त्याच्यासाठीच.

आमची वाडी मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. जीप सोडते तिथून पुढे एक ओढा लागतो आणि ओढ्यापलीकडे घरं. ओढ्यावर सिमेंटची बुटकी फरशी आहे, पावसाळ्यात ती पाण्याखाली असते. आम्ही लहान असताना मोठा पाऊस लागला की सगळी वाडी ओढ्याकाठी जमायची, कारण वरच्या जंगलातून ओंडके वाहत यायचे. पुरुष वरच्या अंगाला पाण्यात शिरायचे, ओंडक्यावर छाती टेकायची, पाय मारत मारत वळणापाशी त्याला काठाला लावायचं. वर्षभराचं सरपण, कधी घराचा वासाही त्यातच निघायचा. काठावर ओढून काढलेल्या ओंडक्यावर ज्याने त्याने एक दगड ठेवायचा. दगड ठेवला की मालकी झाली. मग तो ओंडका महिनाभर तिथे पडला तरी कुणी हात लावणार नाही, पक्का वैरीसुद्धा. काशा या कामात सगळ्यांच्या पुढे असायचा, पण त्याच्या आधी कुणी उतरायला लागलं तर ओरडायचाही तोच. आधी पाण्याकडे बघत उभा राहायचा. बाकीचे चिडायचे, "आरं तुझा बघून व्हईपर्यंत लाकडा कल्याणला पोचतील!"

दहावीनंतर त्याने दोन-तीन कारखान्यांत दिवस काढले, मग वाडीतल्या एकाच्या ओळखीने सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर, लॉजमध्ये भांडी घासायला गेला. तिथे पहिल्यांदा त्याने फळ्यांवर पालथे पडून लाटांची वाट बघणारी माणसं पाहिली. त्या दिवशी त्याने आईला फोन केला होता आणि फोनवर त्याला हसू आवरत नव्हतं. "आये, हितं शिकलेली माणसा हौसेनं वंडका धरतात गो! आन सरपण घरी नेतच नाय!" चिमाकाकीने, म्हणजे त्याच्या आईने, ही गोष्ट वाडीत इतक्या जणांना सांगितली की शेवटी लोक तिला पाहून वाट बदलायला लागले. दोन पावसाळे गेले आणि काशा भांड्यांवरून फळीवर गेला. ओंडक्यावर फक्त झोपायचं असतं, इथे उभं राहायचं, एवढाच फरक, असं तो म्हणायचा. मग तो लोकांना शिकवायला लागला. आमच्या घरात कुणी डॉक्टर झालं असतं तरी काकीने एवढा तोरा मिरवला नसता.

स्मार्टफोन आल्यावर त्याने एक सवय लावून घेतली. रोज सकाळी उजाडता उजाडता तो किनाऱ्यावर जायचा, समुद्र बघायचा आणि शिकणाऱ्यांसाठी आवाजात निरोप पाठवायचा. तोच निरोप आमच्या घरच्या ग्रुपवरही टाकायचा. कशाला, ते विचारू नका. डोंगरातल्या माणसांना समुद्राची खबर कशाला हवी? पण हवी होती. "आज लाट गुडघ्याएवढी, बायाबापड्यांनी पण यावा." "आज वारा जमिनीवरचा, लाट सरळ उभी राहते, नऊच्या आत या, मंग खारा वारा सुटला की सगळा इसकाटतो." काकी चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता हे ऐकायची. वाडीतली माणसं येता-जाता विचारायची, "काकी, आज दर्या कसा हाय?" तीही सांगायची, "आज बरा हाय, उद्या उधाण हाय." अमावास्येचं उधाण तिला तोंडपाठ झालं होतं. समुद्र मात्र तिने जन्मात पाहिला नव्हता.

आणि काही सकाळी निरोप एकाच वाक्याचा असायचा. "आज पाण्यात जायाचा नाय." का, कसं, काही नाही. मी एकदा नवऱ्याला आणि मुलीला घेऊन त्याच्याकडे गेले होते, नेमका तसा दिवस निघाला. आमच्या डोळ्यांना समुद्र छान दिसत होता. माझ्या नवऱ्याने नवी कोरी हाफ पँट खास त्यासाठी घेतलेली, तो काही ऐकेना. काशाने त्याला हाताला धरून वाळूत नेलं आणि लाटांमधला एक शांत, सपाट पट्टा दाखवला. "भावजी, तुमाला वाटल तितं बरा हाय. तितंच ओढ असते. पाय सुटला का मागं नेते." तेवढ्यात मुंबईची एक टोळी आली. लॉजच्या मालकाने स्वतः पाठवलेली. त्यांनाही तेच उत्तर. मालक आला, सगळ्यांसमोर ओरडला, तुला काढून टाकीन म्हणाला. काशा फळ्या धुवत राहिला. माझा नवरा दिवसभर त्या हाफ पँटमध्ये नारळपाणी पीत बसला आणि येताना गाडीत म्हणाला, तुझा भाऊ फार भित्रा आहे. मी त्याला तेव्हा काही बोलले नाही, पण आता सगळ्यांना सांगते. होय, होता. पाण्याच्या बाबतीत माझा भाऊ भित्रा होता. आणि त्या भित्र्या माणसाला तुम्ही बेफिकीर म्हणून जगभर फिरवलंत!

पावसाळ्यात तिकडे समुद्र खवळतो, शिकवणं बंद असतं. त्यामुळे काशा दर वर्षी लावणीला घरी यायचा आणि गौरी-गणपती करून परत जायचा. काही वर्षांपूर्वी येताना त्याने मोडकी म्हणून टाकून दिलेली एक पिवळी फळी ट्रकवाल्याच्या हातापाया पडून आणली, तडा गेला होता तिथे निळं ठिगळ लावलं. ती घरात माळ्यावर असायची. उन्हाळ्यात काकी तिच्यावर तांदळाच्या पापड्या वाळत घालायची. "इतकी सपाट जागा सगळ्या वाडीत नाय," म्हणायची. घरी असला तरी सकाळचा निरोप चुकायचा नाही, फक्त समुद्राच्या जागी ओढा यायचा. बाहेरगावी कामाला असलेल्या वाडीच्या पोरांना त्याचा उपयोग व्हायचा, आज घरी यावं की मुरबाडलाच कुणाकडे राहावं ते कळायचं. त्या दिवशी सकाळचा त्याचा निरोप माझ्या फोनमध्ये आहे. मागे पावसाचा आवाज आहे, कोंबडा आहे, आणि त्याचा आवाज... "फरशीवरून पाणी जाता. वढ्याला ओढ हाय. आज पाण्यात जायाचा नाय कोणी."

दुपारी आवणात, म्हणजे भाताच्या खाचरात, लावणी चालू असताना बांधावर त्याला साप चावला. घोणस. आता कुणी म्हणेल, ही अडाणी माणसं, भगताकडे नेलं असेल. नाही नेलं. हे मुद्दाम लिहिते, कारण भेटायला आलेल्या प्रत्येक शहाण्याने मला आधी तेच विचारलं. साप चावल्या चावल्या त्याला उचलून ओढ्यापाशी आणलं. एरवी आम्ही आजारी माणसाला झोळीत घालून फरशीवरून नेतो. बाळंतिणीही तशाच नेल्या आहेत. पण त्या दिवशी पाणी छातीला लागत होतं, झोळी भिजून खाली गेली असती. पलीकडे जीप उभी होती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तेव्हा काशाच म्हणाला, "माळ्यावरची फळी काढा." त्याला तिच्यावर झोपवलं, दोरीने बांधलं आणि चार जण पाण्यात उतरले. त्यांच्यापैकी एकाने मला सांगितलं, काशा पडल्या पडल्या सांगत होता, "फळीचा नाक वरच्या अंगाला धरा. घाई नको. पाय उचलू नका, घासत न्या." सगळं आयुष्य त्याने इतरांना पाण्याबाहेर ठेवलं आणि शेवटी स्वतःलाच पाण्यातून पार न्यायला शिकवत गेला. पलीकडे पोचले तेव्हा त्याची पाठसुद्धा भिजली नव्हती.

पलीकडे धबधबे बघायला आलेल्या पाहुण्यांच्या मोटारसायकली थांबल्या होत्या. त्यांनी व्हिडिओ काढला. शिट्टी त्यांचीच. एकानेही खाली उतरून फळीला हात लावला नाही. मग जीप पहिल्या दवाखान्यात गेली. तिथे त्यांनी सांगितलं, सापावरचं औषध संपलंय, पुढे न्या. पुढे नेताना वाटेतच... त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि काकी जीपमध्ये पदराने ते पुसत होती.

आता सांगा, यात स्टंट कुठे आहे? ज्या पेपरने तो शब्द छापला, त्याच्या बातमीदाराला मी फोन केला. सकाळचा निरोप ऐकवला. तो बिचारा हळहळला आणि म्हणाला, "ताई, पण व्हिडिओ फार व्हायरल झालाय ना." म्हणजे लोकांनी पाहिलं तेच खरं! काही दिवसांनी एक मोठे साहेब वाडीला समजावायला आले. पाणी तोवर घोट्याएवढं उतरलं होतं, पण साहेबांच्या पायात बूट होते. ते पलीकडेच थांबले आणि कर्णा तोंडाला लावून ओढ्यावरून वाडीला सांगू लागले की पुराच्या पाण्यात कुणी साहस करू नये. माझी म्हातारी काकी अलीकडे उभी राहून ऐकत होती. तिचा मुलगा रोज सकाळी हेच सांगत होता, आणि बिनबुटांचा सांगत होता. पुलाबद्दल साहेब बोलले नाहीत, औषधाबद्दल तर नाहीच. कसे बोलतील? स्टंट म्हटलं की दोष मेलेल्याचा. साप चावला म्हटलं की प्रश्न जिवंत माणसांना विचारावे लागतात.

मग माझ्या दुकानात दोन पोरं आली, श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायला. तुमचाच भाऊ, तुमच्याकडेच छापू, असा त्यांचा चांगला भाव. फ्लेक्सवर त्यांच्या नेत्याचा हात जोडलेला मोठा फोटो, कोपऱ्यात फळी घेतलेला काशा आणि मजकूर, 'लाटांशी झुंजणारा वाघ पुराशी झुंजताना हरपला.' मी म्हटलं, मजकूर बदला, फुकट छापते. साप चावला, पूल नव्हता, औषध नव्हतं, असं लिहा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "ताय, तसा कसा लिवायचा? वर सायबांचा फोटू हाय ना." म्हटलं, मग फोटो काढा. ते कुठेतरी दुसरीकडे गेले. फ्लेक्स लागला, आमच्याच वाटेवर, आणि मी जाता-येता तो वाचते. दर वेळी डोकं फिरतं. नवरा म्हणतो, सोडून दे आता. नाही सोडणार.

गणपतीच्या आधी वाडीवर गेले होते. भात गुडघ्याएवढं झालं आहे, काशाने लावलेला तुकडाही. सकाळी ग्रुपवर काही येत नाही. काकी तरी भाकरी थापताना फोन चुलीपाशी ठेवते. आम्ही दोघी ओढ्यापर्यंत आलो. पाणी उतरलं होतं, फरशी उघडी पडली होती. पलीकडच्या काठावर, जीप थांबते त्या वळणावर, फळी अजून तशीच पडलेली होती, जिथे काशाला उचलून जीपमध्ये घेताना त्यांनी ती ठेवली तिथेच. दोर तसाच. लोक गाड्या थांबवून तिचे फोटो काढतात. फळीवर मधोमध ओढ्यातला एक काळा दगड होता.

"कुणी ठेवला गो?" मी विचारलं.

"मीच. कोन उचलून नेल म्हनून."

"मग घरी आणू या की. आता फरशी मोकळी हाय. मी धरते एका बाजूनं."

काकी माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी ओंडका धरायला मध्येच धावले की बघायची तशी.

"आता या फरशीवरून नाय आणायची ती," ती म्हणाली. "पूल व्हऊ दे. पुलावरून आणीन."

मी फळीला हात लावला नाही. दगड ठेवलेल्या लाकडाला आमच्याकडे कुणी हात लावत नाही.