उणे राहून गेलं

झेरॉक्सवाल्या मावशींनी दहावीला गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या, आणि नेमक्या त्याच गुणावर त्यांची निवड झाली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मुलीला अजिबात दिसत नव्हतं. बारावीच्या पेपरांना, त्यातही संख्याशास्त्राच्या, तिला लेखनिक हवा होता, आणि नियम असा की लिहिणाऱ्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी असावं. मुलीची आई संकोचतच विचारायला आली. मावशी म्हणाल्या, "कमी म्हणजे किती कमी हवंय? माझ्याकडे भरपूर आहे."

चार महिने दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, मशीनशेजारच्या स्टुलावर सराव चालायचा. मावशी आकडे वाचायच्या, मुलगी मनातल्या मनात गुणाकार-बेरजा करून सांगायची, मावशी लिहायच्या. सहसंबंध आणि रिग्रेशन, तीच ती गणितं. ऐकून ऐकून मावशींच्याही डोक्यात उजेड पडला. एक चूक मात्र मुलगी हटकून करायची. रिग्रेशनचे दोन्ही गुणांक उणे असले, तर त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून येणाऱ्या उत्तरालाही, म्हणजे सहसंबंधाच्या 'आर'लाही, उणे लावायचं, हे ती विसरायची.

"उणे कुठं गेलं गं?" मावशी टोकायच्या.

"तुम्ही आहात की आठवण करून द्यायला," ती हसायची.

परीक्षेला दोघींना वेगळी खोली मिळाली. मागे पर्यवेक्षिका बसली. "प्रश्न वाचायचा आणि ती सांगेल तेच लिहायचं. एक शब्द जास्त नाही," तिनं मावशींना बजावलं.

चौथ्या प्रश्नात गुणांक आले उणे शून्य पॉइंट नऊ आणि उणे शून्य पॉइंट चार. मावशींनी दोन्ही 'उणे' जरा सावकाश वाचले. मुलीची बोटं बाकावर हलली.

"गुणाकार शून्य पॉइंट छत्तीस. म्हणून आर बरोबर शून्य पॉइंट सहा."

मावशींचं पेन थांबलं. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. बोलावं तर पोरीचा अख्खा पेपर रद्द, आणि गप्प बसावं तर ही अशी चूक स्वतःच्या हातानं लिहायची. इकडे आड, तिकडे विहीर. त्या नुसत्या खोकल्या. पर्यवेक्षिकेनं मान वर केली.

"लिहिलंत?" मुलीनं विचारलं.

"लिहिलं," मावशी म्हणाल्या, आणि मग लिहिलं.

शाळेच्या फाटकापाशी मुलगी एकदम थबकली. "मावशी, चौथ्यात उणे घातलंत ना?"

"तू सांगितलं नाहीस, बाळा."

"पण तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

तिनं मावशींच्या कोपरावरचा हात काढून घेतला आणि घडीची काठी उघडली. घरापर्यंत मावशी दोन पावलं मागून चालत राहिल्या. नियमाचं सांगून झालं, शप्पथ घेऊन झाली. पुढं काठीची टकटक चालूच राहिली.

पुढच्या पेपराला शाळेनं दुसरा लेखनिक दिला. निकालानंतर आई गुणपत्रिकेच्या प्रती काढायला आली. संख्याशास्त्रात ब्याऐंशी. "तुमच्यामुळेच हो," ती म्हणाली. मुलगी बाहेर पायरीवर उभी होती. मावशींनी दोनदा हाक मारली.

"आई, उशीर होतोय," एवढंच ती म्हणाली.

मावशींनी प्रती नीट जुळवल्या आणि पिन मारून आईच्या हातात दिल्या. दुसरं काय करणार होत्या?