न हललेला हात

ती घटना आठवली की आजही अंगावर काटा येतो. तेव्हा मी परळ भागातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. भर दुपारी जवळच्या प्रसूतिगृहातून फोन आला. तीन दिवसांची मुलगी पाळण्यातून नाहीशी झाली होती. आई बाथरूमला गेली, तेवढ्यात.

अपहरणाचा गुन्हा नोंदवून पथकं पाठवली. वॉर्डातल्या मावशींनी खबर दिली, तोंडाला ओढणी बांधलेली एक अनोळखी बाई फिरत होती. तिला आम्ही दादरला गाठलं. ती फक्त बहिणीला भेटायला आली होती. तीन तास वाया गेले. इकडे बाळाची आत्या आईला धरून रडत होती, मधूनच आम्हाला पाणी आणून देत होती.

ठाण्यात सीसीटीव्ही फुटेज पुन्हा लावलं. आमच्या महिला हवालदार पूर्वी प्रशिक्षण केंद्रात परेड शिकवायच्या. त्या एकदम म्हणाल्या, "सर, थांबवा. आत्या बघा."

"ती डबा देऊन घरी गेली होती, बातमी कळल्यावर परत आली. जबाबात आहे."

"येतानाची चाल बघा. डावा पाय पुढे, उजवा हात पुढे, पिशवीसकट झुलतोय. आता जातानाची. डावा हात हलतोय, उजवा लाकडासारखा. भरलेली पिशवी झुलवत आणली आणि रिकामी एवढी जपून नेली?"



आत्याला बोलावून दोन्ही दृश्यं दाखवली. ती पडद्याकडे बघत राहिली.

"बाळ कुठंय?" मी विचारलं.

"मैत्रिणीकडे, शीव कोळीवाड्यात. दूध पाजलंय तिला, साहेब." मग अगदी शांतपणे म्हणाली, "माझी चार पोटातच गेली. वहिनीला काय, दुसरं होईल."



बाळ सुखरूप मिळालं. माणूस चेहरा सांभाळतो, जबाब पाठ करतो, पण चालताना हातपाय कसे हलतात हे त्याच्या ध्यानातही नसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि हेही, की आम्ही अनोळखी बाईमागे दादरपर्यंत धावलो, पण आम्हाला पाणी देणारीला साधा दुसरा प्रश्न विचारला नाही.

मुलीला छातीशी धरून वडिलांनी विचारलं, "साहेब, कोण होती ती?"

"तुमची बहीण" एवढे दोन शब्द उच्चारायला अख्ख्या नोकरीत मला कधी इतका वेळ लागला नव्हता. त्यांनी मुलीला बायकोच्या हातात दिलं आणि ते तिथेच फरशीवर बसले.