आमसुली रंगाची माणसं

सर्व संबंधितांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, मिशिगन राज्यातील ॲन आर्बर मुक्कामी आमच्या फुटबॉल क्लबच्या जर्सीचा आमसुली रंग अल्पशा मतदानानंतर निधन पावला. दुखवट्याची सभा झाली नाही. उलट त्याच संध्याकाळी नवी जर्सी विक्रीला आली आणि रांगेत आपलीच मंडळी पुढे होती.

हसू नका, बाब गंभीर आहे. या रंगापायी आमचा एक माणूस हरवला. तो कुठे हरवला, हे आम्ही सगळ्यांनी समोर बसून पाहिलं.

आधी जरा जागा दाखवतो. या गावात फुटबॉल म्हटलं की युनिव्हर्सिटीचा, अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा. त्याच्या स्टेडियममध्ये आपला एखादा तालुका आरामात मावेल. आमचा फुटबॉल साधा, गोल चेंडूचा. मैदान लहान, दोन बाजूंना समोरासमोर दोन स्टँड. एक आमचा, एक पाहुण्या टीमचा. आमच्या स्टँडमध्ये गावातले जुने गोरे म्हातारे, काही विद्यार्थी आणि दीड रांग मराठी माणसं. पुण्यामुंबईची, नागपूरची, व्हिसावर आलेली आणि मग राहून गेलेली. पहिल्या वर्षी आम्ही तिकीट स्वस्त म्हणून गेलो. नंतर सवय म्हणून. मग कधीतरी ती आमची टीम झाली, आणि आमसुलाच्या रंगाची ती जर्सी आमची जर्सी झाली. इथले लोक तिला मरून म्हणत. पण कोकमाचं सार ज्यानं प्यायलंय त्याला खरा शब्द माहीत आहे.

या दीड रांगेत भाऊ होते.

भाऊ तुम्हाला कधीही समोरून भेटत नसत. तुम्ही मॅच बघत बसलेले असायचात आणि मागे कुणीतरी येऊन उभं राहायचं. बोलायचं नाही. मग जर्सीची कड दोन बोटांत धरून हलकेच ताणली जायची, दुकानात कापड बघतात तशी. आणि मानेपाशी आवाज यायचा, "नऊ नंबर, काय करून राहिले?"

आमच्या सगळ्यांच्या जर्सीवर आपापला नंबर होता. माझा नऊ, कारण गोल मारणाऱ्याचा नंबर तो असतो आणि मला स्वतःविषयी भलत्या कल्पना आहेत. भाऊ सगळ्यांना नंबरानेच हाक मारत, पण नंतर विचारत ते इतकं आतलं की माणूस विरघळावा. माझ्या मुलीच्या दातांच्या तारा निघाल्या का, माझ्या भावाचं नागपूरचं घर विकलं गेलं का. त्यांना सगळं लक्षात असे.

म्हणून तर त्या दिवशी मला राग आला. इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडत होतो, समोर भाऊ. मी तोंडभर हसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. दुर्लक्ष केलं नाही हो, दुर्लक्षात निदान ओळख असते. हे पाहणं रिकाम्या खुर्चीकडे पाहण्यासारखं होतं. भेंडीची पिशवी हातात तशीच राहिली.

पुढच्या शनिवारी मॅचला तीच दोन बोटं, तोच जिव्हाळा. मी वळून सरळ विचारलं.

भाऊ ओशाळले. "तुम्ही होते का ते?" मग रांगेत इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मला चेहरे दिसतात. नाक दिसते, डोळे दिसतात. पण बेरीज नाही होत. जन्मापासून."

भाऊ एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्लाइडवर रंग चढवायचं काम करत. "रंग नसला तर सगळ्या पेशी काचेसारख्या, सारख्याच," ते म्हणाले. "रंग चढवला की कोण कोण बसून राहिलं ते दिसते. माणसांचंही माझं तसंच आहे न. ही जर्सी आहे म्हणून मला या गावात इतके मित्र आहेत. नाहीतर मी एकटाच."

"आवाजावरून नाही ओळखू येत?"

"येते थोडंफार. पण इथे सगळे एकाच आवाजात ओरडता."

एप्रिलमधल्या जयंतीला हॉल भरून माणसं पांढऱ्या कपड्यांत येतात, तेव्हा काय करता, असं मी विचारलं. भाऊ खुलले. "तो दिवस सगळ्यात सोपा. दिसेल त्याला जय भीम करतो. चुकायला जागाच नाही." मग म्हणाले, "कोणाला सांगू नका. लोक बिचारा म्हणतात, अन् मग जास्तच समोर येऊन उभे राहतात."

मला गुपित सांगणं म्हणजे चाळणीत ताक ठेवणं. पण हे मी ठेवलं, कारण खरं सांगायचं तर मला भीती वाटली. एकदा पार्किंगमध्ये भाऊंशी बोलता बोलता उकडलं म्हणून मी जर्सी काढली. डोकं कापडात होतं तोवर आमचं बोलणं चालू होतं. डोकं बाहेर आलं तेव्हा भाऊ एका अनोळखी माणसाकडे बघून सभ्यपणे हसत होते. तो अनोळखी माणूस मी होतो. "बरं, येतो मी," ते म्हणाले, आणि निघाले. मी बनियनवर उभा, हातात मी.

हे गुपित माझ्याखेरीज दोघांना माहीत होतं, सुधीरला आणि त्याच्या बायकोला. सुधीरचा नंबर चौदा. रुंद पाठीचा, सुस्वभावी माणूस. हसताना त्याचा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. गाडी लांब फुकटच्या जागी लावून तो नेहमी उशिरा यायचा, म्हणून वहिनी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून त्याची जागा धरत. आल्यावर भाऊ मागून त्याची कड ताणत, आणि तो न वळताच खांदे हलवी.

एका हिवाळ्यात सुधीर गेला. झोपेतच.

फ्युनरल होममध्ये त्याला कोट घातला होता. भाऊ त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या कानाशी आले. "हे सुधीरच न?"

"हो, भाऊ."

"सांगितलं ते बरं केलं. जर्सी घातली असती तर विचारायला नसतं लागलं."

वसंतात मॅच सुरू झाल्या. पहिल्या शनिवारी पोचलो तर चौदा नंबर जागेवर बसलेला. आमसुली, रुंद, सैल. मी पायऱ्या उतरून समोरून पाहिलं. त्या वहिनी होत्या. नवऱ्याची जर्सी जाकिटावरून घातली होती, शेजारच्या खुर्चीवर पर्स होती.

मग भाऊ आले. दोन बोटांत कड धरली. "सुधीरभाऊ, गुडघा काय म्हणते?"

वहिनी वळल्या नाहीत, बोलल्या नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. भाऊ मागच्या पायरीवर बसले आणि मॅचभर त्या पाठीशी बोलत राहिले, गोलकीपरच्या चुका, लॅबमधला नवा साहेब, नागपूरची संत्री. तो सबंध सीझन तसाच गेला. वहिनी कधी वळल्या नाहीत. त्यांना ऑफसाइड आजही कळत नाही, पण त्यांनी एक मॅच चुकवली नाही.

मी भाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, सुधीर तर..."

"माहीत आहे न," ते शांतपणे म्हणाले. "मी होतो न तिथे. पण रंग आहे, नंबर आहे. डोकं म्हणते, नाही. डोळे म्हणते, आहे. मॅचपुरतं मी डोळ्याचं ऐकतो."

मी नाचो आणायला गेलो.

आणि मग क्लबला नवा मालक मिळाला, आणि मालकाला नवी ओळख हवी झाली.

सगळ्या सपोर्टरांना हॉलवर बोलावलं. एका तरुण डिझायनरने पडद्यावर नवी जर्सी दाखवली. फिका राखाडी रंग. मिशिगनच्या तलावांवरचं धुकं म्हणे. पाठीवरचा नंबरही राखाडीच, अर्ध्या छटेने गडद. डोळे बारीक केले तर दिसावा असा. पुढे तासभर जे झालं ते भारतीय लोकसभेलाही शोभलं असतं. एक पांढऱ्या मिशांचे आजोबा म्हणाले, माझ्या बापाने मला खांद्यावर बसवून हा मरून दाखवला, तुम्ही मला धूर दाखवता. एक बाई म्हणाल्या, जुना रंग वाळलेल्या रक्तासारखा दिसतो, मला आधीपासूनच आवडत नाही. आमच्या रांगेतला पुण्याचा ओंकार म्हणाला, "यार, ग्रे कसल्याही जीन्सवर जातो. फ्रायडेला ऑफिसला घालता येतो. आमसुली घालून कोण मीटिंगला बसणार?"

मी बाजीप्रभूच्या थाटात भाषण केलं. टाळ्या मिळाल्या, मतं नाही.

शेवटी भाऊ उठले. मला वाटलं, आता सांगतात. त्यांनी समोरच्या त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं, त्यांना काय दिसलं देव जाणे. इंग्रजीत एवढंच म्हणाले, "हा रंग जाऊ देऊ नका. मला लागतो."

लोक प्रेमाने हसले. डिझायनर म्हणाला, रंग तर आपल्या सगळ्यांनाच लागतो, सर. भाऊ खाली बसले. नंतर मतदान झालं आणि धुकं जिंकलं.

तुम्ही म्हणाल, मग जुन्या जर्सी घालून जायचं. अहो, तेच ठरवलं होतं. मी रांगेतल्या प्रत्येकाला फोन केला, कारण सांगितलं नाही, नुसतं निषेधाचं निमित्त केलं. अगदी ओंकारही तयार झाला. पहिल्या मॅचला आम्ही सगळे जाकिटावरून आमसुली चढवून निघालो. मी तर गाडीत घोषणाही पाठ केल्या.

दुपारची मॅच, पण धुकं असं की समोरचा स्टँडसुद्धा दिसत नव्हता. बारीक भुरभुर होती. गेटवर क्लबची पोरं नव्या रंगाचे राखाडी रेन पोंचो वाटत होती. फुकट.

इथे मी माझ्या समाजाची बाजू मांडू इच्छितो. आपल्याला फुकट मिळालेली वस्तू बॅगेत ठेवता येत नाही, ती तिथल्या तिथे अंगावर चढवावी लागते. ओंकारने तर दोन घेतले. वहिनींनीही घातला. पाच मिनिटांत आमची दीड रांग डोक्यापासून गुडघ्यापर्यंत राखाडी होऊन बसली, आणि निषेध आत कोरडा राहिला.

मॅच सुरू झाल्यावर कधीतरी माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. मला ती पावलं ओळखीची होती. मी कड ताणली जायची वाट पाहिली. ताणली गेली नाही. पावलं एका पाठीमागून दुसऱ्या पाठीमागे गेली, थांबली, पुढे गेली. तेवढ्यात आमच्या गोलपाशी गोंधळ झाला, सगळे ओरडले, मीही ओरडलो. मग पोंचोचं माझ्या लक्षात आलं. मी वळलो तर पायऱ्यांवर फक्त धुकं होतं. आठवडी बाजारात आई सुटलेल्या मुलासारखं मला वाटलं, आणि गंमत म्हणजे सुटलेले भाऊ होते.

रात्री फोन केला. भाऊ मजेत होते. मी विचारलं, "तुम्ही पाहुण्यांच्या स्टँडमध्ये कसे काय गेलात?"

"मी कुठे गेलो?" ते म्हणाले. "मी तर आपल्या माणसांतच बसलो होतो. तुम्हीच दिसले नाही, नऊ नंबर. आले नव्हते का?"

त्या उन्हाळ्यात भाऊ रिटायर होऊन दुसऱ्या राज्यात, मुलीकडे वेस्ट विंडसरला गेले. आमच्या स्टँडमध्ये पुन्हा आले नाहीत. निघताना मी आमसुली घालून भेटायला गेलो होतो. त्यांनी मला पाठमोरं उभं केलं, कड ताणली, आणि बराच वेळ सोडली नाही.

पण तुम्हाला सांगायचंय ते त्या धुक्यातल्या मॅचच्या हाफटाइमचं.

धुकं जरा विरळ झालं आणि पाहुण्यांचा स्टँड हळूहळू वर आला, पाण्यातून यावा तसा. ओहायोची टीम. त्यांचा लाल रंग एरवी टोमॅटोसारखा, पण त्या ओल्या हवेत तो काळवंडून आमसुली झाला होता. माणसं बसलेली, खात होती, बोलत होती. त्यांच्या मधोमध, घरच्यासारखे, भाऊ. ते काहीतरी सांगत होते. त्यांच्या पुढच्या रांगेतला माणूस ऐकायला मागे वळून उभा राहिला, आणि त्याची पाठ आमच्याकडे आली. रुंद पाठ. पाठीवर चौदा.

त्याचे खांदे हलायला लागले. आवाज काही आमच्यापर्यंत येत नव्हता.

ओंकारच्या हातातला समोसा तोंडापाशी थांबला. रांगेत कुणी कुणाकडे बघेना. आपल्याला जे दिसतंय तेच शेजाऱ्याला दिसतंय का, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आमच्यापैकी प्रत्येकाची नजर चांगली होती, प्रत्येकाला चेहरे ओळखू येत होते, आणि समोर चेहरा नव्हता.

वहिनींनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि जरा वैतागूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अगंबाई, हे तिकडे बसलेत होय. आणि मी मेली इथे जागा धरून बसलेय."